एका हंगामाचें भाकीत

येत्या हंगामांत कोणतीं नाटकें येणार, त्यांतलें कोणतें गाजणार आणि कोणतें पडणार, ह्याविषयीं आगाऊ बोलण्याची हौस आमच्या रसिकांत पहिल्यापासूनच आहे. हीं भाकितें बहुधा हंगामाबरोबरच विसरलीं जातात, आणि त्यांत भाकीत करणारांचें कल्याणच असतें. परंतु होऊन गेलेला एखादा हंगाम समोर ठेवून, त्याच्या आरंभीं एखाद्या जाणत्या रसिकानें काय म्हटलें असतें आणि पुढें प्रत्यक्ष काय झालें, हें ताडून पाहणें मोठें उद्बोधक होतें. ह्या कामासाठीं आम्हीं १९१६ हें साल घेतलें आहे. ‘पुण्यप्रभाव’, ‘संशयकल्लोळ’ आणि ‘स्वयंवर’ हीं तीन नाटकें एकाच वर्षीं रंगभूमीवर आलीं, एवढ्यावरून ही निवड व्यर्थ नाहीं हें वाचकांस पटेल.

त्या वेळची परिस्थिति थोडक्यांत सांगावयास हवी. युरोपांत महायुद्ध चाललें होतें. मंडालेहून सुटून आलेल्या टिळकांनीं एप्रिल १९१६ मध्यें होमरूल लीग स्थापन केली. जुलैमध्यें सरकारनें त्यांच्यावर जामिनाचा खटला भरला आणि नोव्हेंबरांत हायकोर्टानें तो हुकूम रद्द केला. रंगभूमीवर मात्र असें उघड बोलण्याची सोय उरली नव्हती. १८७६ चा नाट्यप्रयोगांचा कायदा सरकारच्या हातीं होता, आणि १९०७ सालीं रंगभूमीवर आलेल्या खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर १९१० मध्यें बंदी आली होती. नाटकमंडळ्यांतही फूट पडली होती. १९१३ सालीं बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे हे किर्लोस्कर मंडळींतून बाहेर पडले व गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. टेंबे दोन वर्षांतच तिला सोडून गेले. इकडे केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श १९०८ पासून स्वतःच्या पायांवर उभी होती. म्हणजे तीन बलाढ्य संगीत मंडळ्या आणि प्रेक्षकवर्ग एकच, असा तो सामना होता.

अशा वेळीं आमच्या त्या जाणत्या रसिकानें पहिला मान कोणास दिला असता? आम्हांस शंका नाहीं : ‘पुण्यप्रभावा’स. बालगंधर्व गेल्यावर किर्लोस्कर मंडळीची अब्रू सांभाळणारा नाटककार म्हणून सर्वांचे डोळे गडकऱ्यांकडे लागले होते. ‘प्रेमसंन्यास’ १९१२ मध्येंच येऊन गेलें होतें, आणि ह्या तरुणाच्या भाषेची मोहिनी तेव्हांच लोकांस पडूं लागली होती. साध्वी वसुंधरा आणि खलपुरुष वृंदावन ह्यांच्या झगड्यावर उभारलेलें हें नाटक प्रेक्षकांनीं उचलून धरलें. किंकिणीच्या भूमिकेंत वावरलेले दीनानाथ मंगेशकर तेव्हां सोळा वर्षांचेही नव्हते. तथापि आज तें वाचतांना त्यांतील अलंकारांचा भार जाणवल्यावांचून राहत नाहीं. पात्रें परस्परांशीं बोलण्याऐवजीं प्रेक्षकांस दिपविण्यासाठींच बोलतात कीं काय, असा संशय येतो. आमच्या वर्गांत त्यांतील एखादा प्रवेश वाचून दाखविला म्हणजे विद्यार्थी प्रथम थक्क होतात आणि मग हळूच घड्याळाकडे पाहूं लागतात.

‘संशयकल्लोळा’विषयीं त्या रसिकानें नाक मुरडलें असतें. जुन्याच नाटकाला नवें वस्त्र! देवलांनीं १८९३ मध्यें ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हें गद्य प्रहसन लिहिलें होतें. त्याचें मूळ आर्थर मर्फी ह्या आयरिश नाटककाराच्या १७६१ मधील सुखात्मिकेंत आणि तिचें मूळ मोलिएरच्या १६६० मधील एका छोट्या फार्सांत. फ्रान्समधून इंग्लंडांत आणि तेथून महाराष्ट्रांत आलेली ही वस्तु तेवीस वर्षांनीं पदें घालून पुन्हा पुढें ठेवावयाची, ह्यांत नवें तें काय? उत्तर त्याला प्रयोगानेंच दिलें असतें. बोडसांचा फाल्गुनराव आणि बालगंधर्वांची रेवती पाहून परकें मूळ कोणास आठवलेंही नसेल. देवलांचे संवाद घरांत बोलावें तसे आहेत, आणि संशय ही व्याधि कोणत्याही देशाची मिरासदारी नाहीं. तीन नाटकांपैकीं हेंच आजही सर्वांत सहज खेळलें जातें आणि सर्वांत सहज हंसवितें. ज्याला आपण किरकोळ म्हणून बाजूस सारतों, तेंच पुष्कळदां टिकतें.

आतां ‘स्वयंवर’. डिसेंबरांत आलेल्या ह्या नाटकावर वाद आहे आणि तो आजही मिटलेला नाहीं. ‘कीचकवध’ आणि ‘भाऊबंदकी’ लिहिणारा, केसरीच्या कचेरींत तयार झालेला हा जळजळीत लेखक रुक्मिणीच्या प्रणयाची पदें लिहीत बसला, ही माघार नव्हे काय, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप अगदींच निराधार नाहीं. बंदीचा धाक होता, मंडळीस उत्पन्न हवें होतें, आणि प्रेक्षक बालगंधर्वांच्या गळ्यासाठीं येत. ‘भाऊबंदकी’तील संवादांची धार ‘स्वयंवरां’त शोधूं गेल्यास हातीं लागत नाहीं.

परंतु दोन गोष्टी विसरतां कामा नयेत. भावानें शिशुपालाशीं ठरविलेला विवाह नाकारून स्वतःचा वर स्वतः निवडणारी ही नायिका ज्या सालीं रंगभूमीवर आली, त्याच सालीं कर्व्यांचें महिला विद्यापीठ सुरू झालें. ह्यांत कार्यकारणभाव दाखविण्याचा मोह आम्ही टाळतों. पण रुक्मिणीचा हट्ट ऐकणाऱ्या कुटुंबांत मुलींच्या शिक्षणाची आणि लग्नाच्या वयाची चर्चा चालू होती, हें खरें आहे. अर्थात् ती रुक्मिणी पुरुषच रंगवीत होता, हेंही तितकेंच खरें! दुसरी गोष्ट संगीताची. ह्या नाटकाच्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या. बालपणीं किर्लोस्कर मंडळींत कामें केलेले, आवाज फुटल्यावर तेथून गेलेले आणि पुढें फैज महंमदखां, नथ्थनखां व अल्लादियाखां ह्यांच्यापाशीं शिकलेले हे गवई रंगभूमीकडे परत आले ते ख्यालाच्या अस्सल बंदिशी बरोबर घेऊन. संस्थानिकांच्या दरबारांत ऐकावयाचें गाणें पिटांत बसलेल्या कारकुनाच्या आणि विद्यार्थ्याच्या कानीं पडूं लागलें. महाराष्ट्रांत शास्त्रोक्त गाण्याचा जो मोठा श्रोतृवर्ग पुढें निर्माण झाला, त्याचें पुष्कळसें श्रेय आम्ही ह्या एका नाटकास देतों. ह्याची किंमत नाट्यकलेनें भरली, हें कबूल. ‘वन्समोअर’च्या आरोळ्यांनीं कथानक जागच्या जागीं थांबे आणि प्रयोग पहांटेपर्यंत लांबे. तरीही हा सौदा सर्वस्वीं तोट्याचा झाला, असें आम्हांस वाटत नाहीं.

ह्याच सुमारास मामा वरेरकर हुंड्याचा विषय घेऊन ‘हाच मुलाचा बाप’ हें नाटक ललितकलादर्शसाठीं सिद्ध करीत होते. नव्या सामाजिक नाटकाची ती एक चाहूल होती. पण गाण्याच्या त्या धुंदींत भाकीत करणाराच्या कानीं ती कितपत पडली असती कोण जाणे.

ज्यानें ‘संशयकल्लोळ’ लिहिलें, त्याला मात्र ह्या हंगामाचा निकाल पाहावयास मिळाला नाहीं. देवल १४ जून १९१६ रोजीं वारले, आणि नाटक रंगभूमीवर आलें ऑक्टोबरांत. अडीच वर्षांनीं, २३ जानेवारी १९१९ रोजीं, वयाच्या चौतिसाव्या वर्षीं गडकरीही गेले. ‘एकच प्याला’ लिहून झालें होतें. त्याचा पहिला प्रयोग गंधर्व मंडळीनें पुढच्याच महिन्यांत बडोद्यास केला.