पाठीशी सूर्य

२०१६ च्या मार्च महिन्यातील गोष्ट. महाविद्यालयातील एक कार्यक्रम आटोपून आम्ही मोटारसायकलवरून पौड रस्त्याने चांदणी चौकाकडून पुणे शहराकडे येत होतो. सायंकाळचे सहा वाजून गेले होते. सूर्य नेमका पाठीशी होता आणि पुढचा सारा रस्ता, दुकानांच्या पाट्या, झाडांचे शेंडे, समोरून येणाऱ्या गाड्यांच्या काचा त्या कलत्या उन्हात लख्ख उजळून निघाल्या होत्या. इतके स्वच्छ दिसणारी संध्याकाळ विरळाच. अशा वेळी समोरून येणारी एक मोटार दुभाजकाच्या फटीतून उजवीकडे, म्हणजे आमच्या वाटेत, शांतपणे वळली. आम्ही ब्रेक दाबला, चाक घसरले, गुडघा सोलवटला, मडगार्ड वाकले. मोटारीतून एक वृद्ध गृहस्थ थरथरत उतरले आणि म्हणाले, "अहो, तुम्ही मला दिसलातच नाहीत." आम्ही संतापून विचारले, "दिवसाढवळ्या दिसलो नाही म्हणजे काय, आजोबा?"

ते खोटे बोलत नव्हते, हे कळायला आम्हांला पुष्कळ दिवस लागले. ते कळण्याच्या ओघात जे काही वाचले, त्यातून हा लेख उभा राहिला आहे.

मावळत्या सूर्याशी साहित्याचे नाते जुने आहे; परंतु ते स्थिर माणसाचे नाते आहे. 'तिरीप', 'कवडसा', 'कलती उन्हे', 'कातरवेळ' हे सारे शब्द अंगणात, ओसरीत वा शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या माणसाचे. 'गोरज' या शब्दात तेवढी गती आहे; पण तीही गाईंच्या चालीची. 'डोळे दिपणे' या क्रियापदाचे तर आपण पार कौतुकच करून टाकले: यशाने डोळे दिपतात, वैभवाने दिपतात, रूपाने दिपतात. दिपलेल्या माणसाला समोरचे काही दिसत नाही, हा त्या शब्दाचा मूळ आणि गंभीर अर्थ वाक्प्रचाराच्या वापरात झिजून गेला आहे.

तो अर्थ ज्यांनी जिवंत ठेवला ते लोक युद्धाचा विचार करणारे होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सैन्य उभे करताना सूर्य पाठीशी असावा आणि वारा अनुकूल असावा, असे सांगितले आहे. रोमन युद्धशास्त्रावर लिहिणाऱ्या व्हेजिटियसनेही व्यूह रचताना सूर्य, धूळ आणि वारा या तिन्हींचा विचार करायला बजावले. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, जर्मन वैमानिक ओस्वाल्ट बोल्के याने हवाई लढाईचे जे नियम लिहून ठेवले, त्यांतल्या पहिल्याच नियमात शक्य तर सूर्य पाठीशी ठेवावा, असे म्हटले आहे. दोन हजार वर्षांच्या अंतराने आलेल्या या उपदेशांत विलक्षण एकवाक्यता आहे. आपल्याला शत्रू दिसावा आणि शत्रूला आपण दिसू नये, हे त्यामागचे साधे गणित. रणांगणावर जे गणित तारते, तेच रस्त्यावर घात करते. कारण रस्त्यावर समोरून येणारा शत्रू नसतो आणि आपण त्याला दिसावे, यावरच आपला जीव अवलंबून असतो. त्या संध्याकाळी आम्ही नकळत कौटिल्याच्या व्यूहात उभे होतो.

दिपलेल्या डोळ्यांवरचा उपाय म्हणून आज काळा चष्मा चटकन आठवतो. या चष्म्याचा इतिहास मनोरंजक आहे. १८०८ मध्ये पॅरिसमध्ये एत्येन-लुई मालुस हा अभियंता आपल्या घरातून लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांकडे पाहत होता. त्या खिडक्यांच्या काचांवर मावळत्या सूर्याचे प्रतिबिंब पडले होते आणि मालुसच्या हातात आइसलंड स्पार नावाच्या खनिजाचा स्फटिक होता. या स्फटिकातून पाहिले की एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. स्फटिक फिरवताच त्या दोन्ही प्रतिमांची तेजस्विता आलटून पालटून कमीजास्त होते, असे त्याच्या ध्यानात आले. परावर्तित प्रकाशाच्या ध्रुवीकरणाचा शोध असा एका कलत्या सूर्याने लावून दिला. पुढे १८१५ मध्ये ब्रूस्टरने त्याचा नियम मांडला आणि १९२९ मध्ये एडविन लँड या तरुण अमेरिकन संशोधकाने ध्रुवीकरण करणारा स्वस्त पातळ पत्रा तयार केला. लँडच्या डोळ्यांपुढे होते ते मोटारींचे दिवे: रात्री समोरच्या दिव्याने डोळे दिपू नयेत, म्हणून सर्व दिव्यांवर आणि काचांवर हा पत्रा बसवावा, असे त्याचे स्वप्न होते. मोटार कारखानदारांनी ते कधीच मनावर घेतले नाही. पत्रा चष्म्यांत गेला. १९३० च्या दशकात वैमानिकांसाठी घडवलेले रे-बॅनचे चष्मेही बाजारात आले आणि कालांतराने आकाशातून उतरून मोटारसायकलस्वाराच्या नाकावर स्थिरावले.

त्यात शोभा किती आणि उपयोग किती, हा प्रश्न मात्र विचारावा लागतो. ध्रुवीकरणाचा चष्मा ओल्या डांबरावरची, मोटारीच्या बॉनेटवरची परावर्तित चमक कापतो. कारण तो प्रकाश ध्रुवित असतो. थेट सूर्याचा प्रकाश तसा नसतो. त्याच्यापुढे हा चष्मा साध्या काळ्या काचेहून अधिक काही करू शकत नाही. साधी काळी काच काय करते, याचे उत्तर १९२० च्या दशकात अमेरिकेत हॉलडे आणि इंग्लंडमध्ये स्टाइल्स या दोघांच्या कामातून मिळते. प्रखर प्रकाश डोळ्यात शिरला की त्याचा काही अंश डोळ्याच्या आतच विखुरतो आणि साऱ्या दृश्यावर एक फिकट पडदा ओढला जातो. हा पडदा किती दाट, ते प्रकाशाचा उगम आपल्या नजरेच्या रेषेपासून किती अंशांवर आहे, यावर ठरते. कोन दुप्पट झाला तर पडदा चौपट विरळ होतो. आता समजा, रस्त्यावरून येणारा प्रकाश दहा माप आहे आणि पडदा चाळीस माप. काळ्या काचेने दोन्ही निम्मे केले, तर पाच आणि वीस उरतात. प्रमाण तेच. डोळ्यांना आराम वाटतो, मिचकावणे थांबते, हे खरे. पण पडद्याआडचे माणूस पडद्याआडच राहते. उलट कात्रजच्या नव्या बोगद्यात शिरताना तीच काच क्षणभर आंधळे करते, हे पदरचे.

पडदा नाहीसा करायचा, तर सूर्य झाकावा लागतो. दूरवर पाहताना शेतकरी भुवईवर हात आडवा धरतो, त्यात हे सारे शास्त्र आले. आर्क्टिकमधील इन्युइट लोक हाडाच्या वा लाकडाच्या पट्टीला बारीक आडवी चीर पाडून डोळ्यांवर बांधत, त्यातही तेच. त्यांना तर वरचा सूर्य आणि खालचे हिम अशी दोन्ही बाजूंची कड लावावी लागे. मोटारसायकलच्या इतिहासात मात्र हा साधा उपाय पुनःपुन्हा हरवला. आरंभीच्या स्वारांची छायाचित्रे पाहावीत: वाऱ्याने उडू नये म्हणून टोपी उलटी फिरवलेली आणि डोळ्यांवर गॉगल. म्हणजे सावली देणारी कड मानेवर. १९१४ मध्ये ब्रुकलंड्सच्या डॉ. एरिक गार्डनर यांच्या आग्रहाने शर्यतींत शिरस्त्राण आले. त्या वाडग्यासारख्या शिरस्त्राणांपैकी पुष्कळांना पुढची कड नव्हती. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या बेल कंपनीने संपूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट आणले, त्यातही ती नव्हती; वेगात वारा कडेखाली शिरतो आणि डोके मागे ओढतो, ही अडचण खरीच होती. कड उरली ती धुळीच्या मैदानात शर्यत करणाऱ्यांच्या हेल्मेटला. रस्त्यावरच्या जाणत्या स्वाराने मग काचेच्या वरच्या काठावर काळ्या चिकटपट्टीचा एक पट्टा लावला आणि सूर्य समोर आला की हनुवटी किंचित खाली घ्यायची सवय केली. दहा रुपयांचा हा उपाय हजारोंच्या चष्म्याहून सरस आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. काच मात्र स्वच्छ हवी. हेल्मेटची काच पॉलिकार्बोनेटची असते. ती दणका सोसते, पण धूळ बसली असता कोरड्या रुमालाने पुसली की ओरखडते आणि प्रत्येक ओरखडा कलत्या उन्हात पेटून उठतो. गोरजाची शोभा ज्या कारणाने, ही आपत्तीही त्याच कारणाने.

भूगोलाचा थोडा दिलासा आपल्याला आहे. विषुवदिनाच्या सुमारास सूर्याला क्षितिजावरचे शेवटचे दहा अंश उतरायला पुण्यात सुमारे ४२ मिनिटे लागतात, लंडनमध्ये ६४. परंतु याच दिवसांत सूर्य बरोबर पश्चिमेला मावळतो आणि पूर्व-पश्चिम रस्त्यांच्या टोकाशी येऊन बसतो. शिवाय शहराच्या पश्चिमेला घर घेतलेल्याला सकाळी कामावर जाताना आणि सायंकाळी परतताना असे दोन्ही वेळा ऊन डोळ्यांवर घ्यावे लागते. घरांच्या जाहिरातींत हे कुठे छापलेले आढळत नाही.

आजोबांच्या वाक्याकडे आम्हांला वळवले ते हर्ट अहवालाने. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांनी १९७० च्या दशकात लॉस एंजेलिस परिसरातील सुमारे ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली. अहवाल १९८१ मध्ये आला. दुसऱ्या वाहनाशी झालेल्या अपघातांत त्या चालकाला मोटारसायकल दिसलीच नव्हती किंवा फार उशिरा दिसली, हे त्यातले ठळक सूत्र. अशा अपघातांपैकी जवळजवळ निम्म्यांत डोळे दिपल्यामुळे किंवा मध्ये आलेल्या वाहनांमुळे दृष्टी अडली होती. अपघातग्रस्त स्वारांपैकी ७३ टक्क्यांनी डोळ्यांना कोणतेच आवरण घातले नव्हते, हेही त्यात आहे. आम्ही इतकी वर्षे स्वाराच्या डोळ्यांचा विचार करत होतो. हर्ट यांनी समोरच्याच्या डोळ्यांचा केला. दिवसा दिवा लावून चालवण्याचा आग्रह याच विचारातून बळावला आणि १ एप्रिल २०१७ पासून भारतात नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागू लागला. आमची गाडी त्याआधीची. अर्थात दिवा असता तरी सूर्याच्या शेजारी त्याची मातब्बरी किती, हा प्रश्न उरतोच.

पुढच्या वर्षी मार्चमध्येच, त्याच वेळी, आम्ही त्या दुभाजकाच्या फटीपाशी पायी जाऊन पश्चिमेकडे तोंड करून उभे राहिलो. रस्ता असा नव्हताच. वितळलेल्या पितळेसारखे काहीतरी होते. बस त्यातून काळ्या भिंतीसारखी बाहेर यायची. दुचाकी आधी ऐकू यायची आणि मग, अगदी जवळ आल्यावर, एकदम असायची. आम्ही तेथे वीस मिनिटे होतो, आणि एकाही स्वाराचा चेहरा ओळखू आला नाही. प्रत्येकाच्या पुढे त्याची लांबलचक सावली धावत होती. सूर्य सात अंशांवर असताना सावली उंचीच्या आठपट होते. म्हणजे बसलेल्या स्वाराची बारा मीटर. आपली सावली ज्याच्याकडे बोट दाखवते आहे, त्याला आपण दिसत नाही, हे स्वाराला त्या सावलीवरून वाचता येते. आता आम्ही ती वाचतो. ती पुढे लांब पडली की वेग उतरवतो, आणि वळायला थांबलेल्या प्रत्येक मोटारीला आपण तिच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही, असे गृहीत धरतो.

त्या आजोबांचा पत्ता आम्ही भांडणाच्या भरात एका वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतला होता. ती वही नंतर पुष्कळ शोधली.