गर्भधारणापूर्व तयारी (सातारा व सांगली)

मूल हवे असे ठरल्यापासून दिवस राहीपर्यंतच्या काळात प्रकृती, आहार व सवयी यांत करावयाची सुधारणा. या जिल्ह्यांत गरोदर बाईची नोंद पाळी चुकल्यावर होते. मात्र गर्भाचा मेंदू व मज्जारज्जू जिच्यापासून घडतात ती नलिका गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. पुष्कळदा तोवर बाईला दिवस गेल्याचे पुरते कळलेलेही नसते. म्हणून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल निदान महिनाभर आधीपासून घ्यावे. आधीच्या बाळात ही नलिका नीट न मिटल्याचा दोष असल्यास डॉक्टर मात्रा वाढवतात.

लग्न व पहिले बाळंतपण : सातारा जिल्हा परिषदेने २००७ मध्ये ‘हनिमून पॅकेज’ ही योजना आणली. लग्नानंतर दोन वर्षे पाळणा लांबवणाऱ्या जोडप्यास ५,००० रुपये, तीन वर्षांस ७,५०० रुपये. उद्देश लोकसंख्यावाढ रोखण्याचा होता; पण मुलीचे अंग भरायला, रक्त वाढायला हाच अवधी लागतो, आणि आरोग्याच्या दृष्टीने योजनेचे मोल तिथे आहे. ‘वर्षात पाळणा हलला पाहिजे’ हा सासरचा आग्रह नव्या सुनेला एकटीने मोडता येत नाही. त्यामुळे सासूशी बोलणे हाही तयारीचाच भाग धरावा.

मिशरी : तंबाखू तव्यावर काळी होईतो भाजून केलेली पूड. बायका ती दातांना लावतात, सवय जडली की दिवसातून अनेकदा. तिला तंबाखू मानत नाहीत. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे प्रामाणिक उत्तर येते. प्रश्न ‘मिशरी लावता का?’ असाच हवा. मुंबईतील २००४ च्या एका अभ्यासात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली, अपुऱ्या दिवसांची बाळंतपणेही वाढलेली आढळली. सवय सुटायला वेळ लागतो. दिवस राहण्याची वाट पाहू नये.

रक्त व आहार : गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असल्यास तो पंडुरोग होय. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नये. ऊसतोडीच्या फडांवरील कुटुंबे हंगामभर गावे बदलतात, तेव्हा गोळ्यांत खंड पडण्याचा धोका अधिक. मुंबईच्या वस्त्यांत झालेल्या ‘सरस’ प्रकल्पात स्त्रियांना गर्भधारणेआधीपासून पालेभाज्या, फळे व दूध घातलेला खाऊ दिला गेला. एकूण जन्मवजनात ठळक फरक पडला नाही. किमान तीन महिने आधी सुरुवात केलेल्यांच्या बाळांचे वजन मात्र काहीसे वाढले.

नात्यातील लग्न : मामाच्या मुलीशी लग्नाची चाल या भागात आहे. नात्यात दोघेही एकाच आनुवंशिक दोषाचे वाहक असण्याची शक्यता अधिक, म्हणून अशा जोडप्याने थॅलॅसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहकत्वाची तपासणी आधी करावी, दोघांनीही.

इतर तपासण्या व लस : साखर, थायरॉइड, रक्तदाब. रुबेलाची लस घेतल्यावर महिनाभर गर्भधारणा टाळावी.

गर्भसंस्कार : सुश्रुतसंहितेत ऋतू (योग्य काळ), क्षेत्र (गर्भाशय), अंबू (पोषक रस) व बीज (स्त्रीबीज व पुरुषबीज) हे गर्भाचे चार घटक सांगितले आहेत. यांतील बीज शुद्ध करण्यासाठी गर्भधारणेआधी केल्या जाणाऱ्या उपचारांबाबत मतभेद आहेत.

पुरुष : तंबाखू व दारू सोडावी.