खांदेरीचा दिवा आणि शेअर बाजारातली रांग

थळच्या किनाऱ्यावर अंधार पडला की समोर खांदेरीचा दिवा दिसायला लागतो. १८६७ सालचं दीपगृह. समुद्रात एक होडी असो की पन्नास जहाजं, दिव्याला काही फरक पडत नाही. तुला आधी, त्याला नंतर, ही भानगडच नाही. फक्त ज्याला नको त्याच्याही डोळ्यांवर तो येतो. नेटवर्कवाले याला ब्रॉडकास्ट म्हणतात.

याच्या उलट युनिकास्ट, म्हणजे पोस्टमन. शंभर घरं, शंभर पत्रं, आणि शेवटच्या घराला पत्र सगळ्यात उशिरा.

या दोन्हींच्या मधली वाट स्टॅनफर्डच्या स्टीव्ह डीअरिंगने शोधली: मल्टिकास्ट. ऑगस्ट १९८९ मध्ये आरएफसी १११२ आलं. पाठवणारा एकच प्रत एका 'गटाच्या' पत्त्यावर पाठवतो. ज्याला हवी त्याने आयजीएमपी वापरून नाव नोंदवायचं. बस्स.

पण गंमत पुढेच आहे. साधा स्विच शिकतो तो 'पाठवणारा कोण' हे बघून. गटाचा पत्ता कधीच पाठवणारा नसतो, त्यामुळे तो कुठल्या पोर्टवर आहे हे स्विचला कळणार कसं? मग तो बिचारा सगळ्याच पोर्टांवर पाकीट ढकलतो. म्हणजे पुन्हा दीपगृहच! यावर उपाय म्हणजे आयजीएमपी स्नूपिंग, शुद्ध मराठीत चोरून ऐकणं. नोंदणीचे निरोप स्विच जाता जाता ऐकतो, कोणत्या पोर्टला कोणता गट हवाय याचा तक्ता ठेवतो आणि तेवढ्याच पोर्टांवर प्रती काढतो, तेही हार्डवेअरमध्ये. अनेक कंपन्यांचे स्विच हे आधीपासून करत होते. त्यासाठीच्या शिफारशी आरएफसी ४५४१ मध्ये २००६ साली एकत्र आल्या.

आता तुम्ही म्हणाल, बँडविड्थ वाचली, त्यात इतिहास कसला? तर या दिव्यापासून फार लांब नाही, वांद्रे-कुर्ला संकुलात जाऊ.

राष्ट्रीय शेअर बाजाराने २०१० च्या सुमारास को-लोकेशन सुरू केलं. दलालांचे सर्व्हर बाजाराच्याच इमारतीत. प्रत्येक ऑर्डरची खबर, म्हणजे टिक-बाय-टिक डेटा, तेव्हा टीसीपीवरून जायचा. टीसीपी म्हणजे पोस्टमन. एका सर्व्हरला जो आधी जोडला गेला, त्याला टिक आधी. फरक अगदी सूक्ष्म, पण यंत्रं सौदे करत असतील तर तेवढा पुरतो. २०१४ मध्ये हा डेटा मल्टिकास्टवर गेला. सर्व्हरकडून एकच प्रत, बाकी काम स्विचचं. अगदी त्याच क्षणी सर्वांना मिळेल असं नाही, पण सर्व्हरपाशी लागणारी रांग मोडली.

२०१५ साली सेबीकडे निनावी तक्रार गेली. एप्रिल २०१९ मध्ये सेबीने बाजाराला ६२४.८९ कोटी रुपये व्याजासह भरायला सांगितलं. जानेवारी २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो आदेश फिरवला, मात्र पुरेशी दक्षता न घेतल्याबद्दल १०० कोटी भरायला लावले. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीने संगनमताचा पुरेसा पुरावा नाही म्हणून उरलेलं प्रकरणही निकाली काढलं.

कोणी मुद्दाम केलं की नाही, हा वाद कोर्टकचेरीचा. आपल्यासारख्या कोड लिहिणाऱ्यांचा प्रश्न वेगळाच आहे. 'टीसीपी की मल्टिकास्ट' हा आपल्याकडे डिझाइन मीटिंगमध्ये दहा मिनिटांत उरकायचा विषय. त्या दहा मिनिटांत आपण कोणाला रांगेत पुढे उभं करतोय, हे बघतो का?

असो. दिवा फिरतोच आहे. कोण बघतंय याची नोंद न ठेवता.