वसईचा वेढा आणि भुकेचं अन्न

वसईच्या किल्ल्याबद्दल बोलायचं म्हटलं की बुरूज येतात, सुरुंग येतात, तोफा येतात. आज आपण त्याच किल्ल्याभोवती फिरणार आहोत, पण एक अगदी साधा प्रश्न घेऊन. वेढा घालणारे काय खात होते, वेढ्यात अडकलेले काय खात होते, आणि ते सगळं येत कुठून होतं?

सुरुवात एका कथेने करू, ती आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली आहे. निजामाने आपल्या चित्रकाराला सांगितलं, की थोरला बाजीराव तुला पहिल्यांदा दिसेल तेव्हा जसा दिसेल तसाच काढून आण. चित्रकाराने आणलं ते चित्र असं : घोड्यावरचा एक शिपाईगडी, लगाम सैल सोडलेला, भाला खांद्यावर, आणि दोन्ही हातांनी ज्वारीची कणसं चोळून दाणे तोंडात टाकतोय. चित्र बघून निजाम मनात चरकला, असं सांगतात. कथा खरी की रचलेली, हा वाद आपण बाजूला ठेवू. ती आपण का सांगतो, ते महत्त्वाचं. साधं खाणारा सेनापती आपल्याला आवडतो. पण मंडळी, ती कणसं कुणाच्या शेतातली होती, हे ही गोष्ट सांगताना कधी कुणी विचारत नाही. आजचं आपलं बोलणं या एका प्रश्नाभोवती आहे.

आधी फौजेच्या पोटाची व्यवस्था समजून घेऊ. मराठी फौजेत आजच्यासारखा लंगर नव्हता. सरकारातून शिजवलेलं ताट समोर येत नसे. शिपायाला पगार मिळायचा, आणि तोही पुष्कळदा थकलेला. छावणीबरोबर बाजार चालायचा, त्यात वाणी असायचा, आणि त्या वाण्याकडून उधारीवर पीठमीठ घ्यायचं. बैलांच्या पाठीवर गोणी लादून धान्य आणणारे वंजारी होते, ते थांबले की फौज थांबली. स्वारीवर असताना शिपायाजवळ असायचं ते शिळी भाकरी, मीठमिरची, भाजलेले हरभरे, गुळाचा खडा. आता घोड्याकडे बघा. घोड्याच्या तोबऱ्यात काय? भिजवलेले हरभरे. म्हणजे घोड्याची चंदी आणि स्वाराची शिदोरी यांच्यात भिजवलेलं की भाजलेलं, एवढाच काय तो फरक.

या व्यवस्थेतला धोका ओळखणारा राज्यकर्ता आपल्याकडे होऊन गेला. राज्याभिषेकाच्या आगेमागे शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतल्या आपल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. त्याचा आशय आपल्या शब्दांत असा : पावसाळ्यासाठी दाणावैरण साठवलेली आहे, ती आत्ताच उधळलीत तर पुढे उपास पडेल आणि घोडी मरायला लागतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल. कुणी दाणे आणेल, कुणी भाकरी, कुणी गवत, कुणी लाकूडफाटा. मग घर धरून राहिलेला कुणबीसुद्धा परागंदा होईल आणि म्हणेल, यांच्यापेक्षा मोगल बरे. पत्रात उंदराचीसुद्धा काळजी आहे. रात्री दिवा जळता ठेवलात, उंदराने पेटती वात ओढून नेली आणि गवताला आग लागली, तर? तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर या पत्रात युद्धाला तिसरी बाजू आहे. एक आपली, एक शत्रूची, आणि तिसरी ज्याच्या कणगीतून दोघंही खातात त्याची.

ही तिसरी बाजू मनात धरून आता वसईकडे येऊ. १५३४ साली गुजरातच्या बहादुरशहाने तहात हा मुलूख पोर्तुगिजांना दिला. तिथून दोनशे वर्षं इथल्या गावांचा भात पोर्तुगीज जमीनदारांच्या कोठारात जात राहिला. १७३७ साली मराठ्यांनी ठाणं घेतलं आणि मोहीम सुरू झाली. चिमाजीअप्पा सेनापती. १७३९ च्या जानेवारीत केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर ही उत्तरेकडची ठाणी पडली. फेब्रुवारीत वसईचा शेवटचा वेढा बसला आणि मे महिन्यात किल्ला शरण आला.

हे महिने बघा. फेब्रुवारी ते मे. आपल्याकडे भात कापला जातो दिवाळीच्या आसपास. म्हणजे वेढा बसला तेव्हा कणग्यांमध्ये धान्य होतं, आणि संपत आला तेव्हा त्या कणग्या तळाला गेलेल्या. उरलेलं असतं ते बियाणं, जून महिन्यात पेरायचं. कोकणातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, मे महिन्यात त्याच्याकडे धान्य मागणं म्हणजे त्याचं पुढचं वर्ष मागणं. शिवाय पाऊस तोंडावर आलेला. पाऊस सुरू झाला की या खाड्यांच्या, चिखलाच्या प्रदेशात बैल चालत नाही, दारू कोरडी राहत नाही आणि घाटावरून रसद उतरत नाही. शिवाय त्याच वेळी नादिरशहा दिल्लीत येऊन बसलेला, त्यामुळे बाजीरावांनाही ही फौज लवकर मोकळी व्हायला हवी होती. मे महिन्याच्या सुरुवातीला सुरुंग उडवून जी निकराची धडक दिली गेली, तिच्यामागे शौर्य होतंच. पण तिच्यामागे पंचांगही होतं आणि रिकाम्या होत चाललेल्या कणग्याही होत्या.

आता तटाच्या आत जाऊ. वसईच्या किल्ल्याला तीन बाजूंनी पाणी. त्यामुळे पोर्तुगिजांची भाकरी समुद्रावरून यायची. हे मराठ्यांना पुरतं ठाऊक होतं. म्हणून एकीकडे गोव्यावर फौज पाठवली, म्हणजे तिथून मदत निघू नये. दुसरीकडे खाडीच्या दक्षिण काठावरची धारावी घेतली, म्हणजे खाडीच्या तोंडावर नजर राहावी. आतल्यांनी मुंबईच्या इंग्रजांपुढे हात पसरले. मदत मिळाली ती तुटपुंजी, आणि पैसे मिळाले ते चर्चमधली चांदी आणि तोफा तारण ठेवून. देवघरातली चांदी गहाण पडते तेव्हा आतली माणसं कुठवर आलेली असतात, हे वेगळं सांगायला नको. शेवटी ती शिबंदी बायकामुलांसह, हत्यारांनिशी, सन्मानाने बाहेर पडली.

विजयाची आठवण म्हणून चर्चच्या घंटा देवळांत गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, भीमाशंकरला आहे. घंटा टिकतात. खाल्लेल्या भाताचं स्मारक होत नाही. तरी या वेढ्याच्या काही खुणा आपल्या ताटात रोज असतात. तटाबाहेरचा शिपाई भाकरीबरोबर जी मिरची खात होता, ती अमेरिकेतून पोर्तुगिजांच्या गलबतांतूनच हिंदुस्थानात आलेली. आज वडापाव खाताना आपण ‘बटाटा’ म्हणतो आणि ‘पाव’ म्हणतो, ते दोन्ही शब्द पोर्तुगीज. म्हणजे जिभेने हा वेढा केव्हाच उठवलाय. ज्यांचे पूर्वज तटाच्या आत होते, ज्यांचे बाहेर होते, आणि ज्यांचे दोन्हीकडे नव्हते, नुसती शेती किंवा मासेमारी करत होते, अशी सगळी मंडळी आज या तालुक्यात शेजारी राहतात. घंटेवरून त्यांच्यात वाद होऊ शकेल. भातावरून होणार नाही, कारण तो भात एकाच मातीतला होता.

या मातीने भुकेची तयारी कशी केली होती, तेही बघू. आगाशीची सुकेळी तुम्हाला माहीत आहेत. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, दिवसच्या दिवस उन्हात वाळवायची आणि केळीच्याच सोपटात बांधून ठेवायची. आज ती भेट म्हणून देतात. मुळात ती टिकाऊ शिदोरी आहे, चूल न पेटवता पोटाला आधार देणारी. सुके बोंबील, सुकट, जवळा हेही तेच. समुद्र बंद असतो तेव्हाचा समुद्र.

थोडं पूर्वेला, डोंगराकडे सरका. वारली, कातकरी मंडळींना विचारा, धान्य संपल्यावर काय खायचं. नागलीची आंबील, बांबूचे कोंब, मोहाची फुलं. आणि शेवटी कडू कंद. हा कंद तसाच खाल्ला तर बाधतो. त्याच्या चकत्या करायच्या, राख घालून उकडायच्या आणि मग वाहत्या पाण्यात ठेवायच्या, कडवटपणा निघून जाईपर्यंत. मेजवानीचं जेवण चुकलं तर पाहुणे नावं ठेवतात. हा कंद चुकला तर जीव जातो. म्हणजे भुकेचं अन्न रांधायला सगळ्यात जास्त ज्ञान लागतं, आणि आपण मात्र त्याला अडाण्यांचं खाणं म्हणतो.

हे ज्ञान मागे राहिलं आणि माणूस एकटाच युद्धावर गेला, तर काय होतं? यासाठी आपल्याला वसईहून फार लांब जावं लागेल, पण माणसं आपलीच आहेत. पहिल्या महायुद्धात पूना डिव्हिजन मेसोपोटेमियात लढत होती, म्हणजे आजच्या इराकमध्ये. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या, कोकणातून आणि देशावरून भरती झालेल्या. डिसेंबर १९१५ मध्ये तैग्रिस नदीच्या वळणावर कुत-अल-अमारा या गावात तुर्कांनी त्यांना कोंडलं. वेढा १४७ दिवस चालला. इथे आपला माणूस तटाच्या आत होता.

त्या वेढ्यातलं दुखणं पोटाच्या भाषेत फार बोलकं आहे. सुरुवातीला पांढऱ्या पिठाचा पाव खाणाऱ्या गोऱ्या शिपायांना बेरीबेरीने गाठलं, आणि कोंड्यासकटचं जाडंभरडं पीठ ताटात आल्यावर ती ओसरली. हिंदी शिपायांना स्कर्व्हीने गाठलं, कारण भाजीपाला नव्हता आणि घोड्याचं मांस खायला ते तयार नव्हते. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून बिनतारी संदेशाने परवानगी मागवली गेली, ती आलीही. तरी कित्येकांनी एप्रिलपर्यंत त्या मांसाला हात लावला नाही. गावी गेल्यावर लोक काय म्हणतील, ही भीती तुर्कांच्या तोफांपेक्षा मोठी होती. शिपायांनी नदीकाठचा पाला उकडून खाल्ला. पण परक्या मुलखातला पाला ओळखायचा कसा? त्यातलं कुठलं चांगलं आणि कुठलं बाधणारं, हे सांगायला तिथे आजी नव्हती.

आणि तिसरी बाजू इथेही होती. कुत गावातले सुमारे सहा हजार रहिवासी त्याच वेढ्यात अडकले होते. जानेवारी १९१६ मध्ये लष्कराने त्यांच्या घरांची झडती घेतली, लपवलेलं धान्य बाहेर काढलं, आणि वेढा आणखी लांबला. इतिहासात याला चिकाटी म्हणतात. त्या घरातल्या बाईने काय म्हटलं असेल, याची कल्पना चिपळूणचं पत्र वाचलेल्या माणसाला करता येते. २९ एप्रिल १९१६ रोजी कुत शरण गेलं.

घोड्याचं मांस नाकारणारा तो शिपाई हट्टी होता की धर्मनिष्ठ? छांदोग्य उपनिषदात उषस्ति चाक्रायणाची कथा आहे. कुरुदेशात पीक बुडालं होतं. भुकेला उषस्ति एका माहुताकडे जातो. माहूत कुल्माष खात असतो, म्हणजे हलकं, भरड कडधान्य. उषस्ति त्याच्या पानातलं उष्टं मागून खातो. माहूत पाणी देऊ करतो तेव्हा म्हणतो, नको, ते उष्टं होईल. माहूत विचारतो, मग कुल्माष उष्टे नव्हते का? उषस्तीचं उत्तर सरळ आहे : ते खाल्ले नसते तर मी जगलो नसतो, पाणी मात्र मला हवं तेव्हा मिळेल. उरलेले कुल्माष तो बायकोसाठी नेतो. तिला आधीच भिक्षा मिळालेली असते. ती ते जपून ठेवते, आणि दुसऱ्या दिवशी तेच शिळं खाऊन हा विद्वान राजाच्या यज्ञाला जातो. नियम कुठे मोडायचा आणि कुठे पुन्हा धरायचा, हे भुकेल्या माणसाने स्वतः ठरवलं, आणि उपनिषदाने त्याला कमी लेखलं नाही. आमच्या मते या कथेत खरी शहाणी ती बायको आहे. तिने उद्याचा विचार केला. तिसरी बाजू नेहमी हेच करत असते.

शेवटी आपल्या स्वतःच्या घराकडे येऊ. वसई-विरारमध्ये आज मराठवाड्यातून, देशावरून आलेली हजारो कुटुंबं राहतात. १९७२ च्या दुष्काळात त्यांच्या आईवडिलांनी खडी फोडली, सुकडी खाल्ली आणि परदेशातून आलेल्या लालसर मिलोच्या भाकरी थापल्या. पुष्कळ घरांत मिलो हा शब्द आता उच्चारत नाहीत. पोरांना लाज वाटेल म्हणून. आम्हाला वाटतं, लाज वाटायची असेल तर ती भूक पाडणाऱ्या व्यवस्थेला वाटावी. त्या भाकरीवर माणसं जगली, आणि म्हणून आज आपण इथे बसून इतिहासावर बोलतोय.

तेव्हा एक काम घरी घेऊन जा. घरात सत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांना विचारा, धान्य संपलं तेव्हा काय खाल्लं, ते कसं रांधलं, आणि ते कुणी शिकवलं. भाषा कुठलीही असो, सामवेदी, वाडवळी, कोळी, वारली, वऱ्हाडी. जसं सांगतील तसं, त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. पुढच्या व्याख्यानात आपण मिठागरांबद्दल बोलू, तेव्हा ते कागद बरोबर आणा.