पारावरून कुंडीत

बदलीच्या गावी सरकारी घराचा ताबा घेताना सामानाच्या यादीत नसलेली एक वस्तू आम्हाला अनेकदा आयती मिळाली आहे. ती म्हणजे व्हरांड्याच्या कोपऱ्यात, रंग उडालेल्या कुंडीत उभे असलेले रबराचे झाड. आधीच्या बिऱ्हाडाने ते हौसेने लावलेले असते आणि पुढच्या प्रवासात न्यायचे कसे, या विचाराने मागे ठेवलेले असते. जाड, तकतकीत पाने आणि टोकाशी तांबूस आवरणात गुंडाळलेला कोंब पाहून हे झाड विलायती असावे, असा समज सहज होतो. वस्तुतः ते याच भूमीचे आहे आणि त्याचे गोत्रही आपल्या पूर्ण परिचयाचे आहे.

वड, पिंपळ, उंबर आणि हे रबराचे झाड ही सारी वनस्पतिशास्त्राच्या ‘फायकस’ या एकाच गोत्रातील. आपल्या पूर्वजांनी या गोत्राला पूज्य मानले, त्याला पार बांधून दिला, परंतु घरात मात्र घेतले नाही. वाड्याच्या भिंतीत पिंपळाचे रोप दिसले की घरधन्याच्या पोटात गोळा येई. ज्या वृक्षाच्या मुळ्या दगडी चिरे उकलतात, तो दिवाणखान्यात कसा आला?

ही कथा सिल्हेटच्या उत्तरेकडील खासी व जैंतिया टेकड्यांत सुरू होते. इ. स. १८१० च्या अखेरीस कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक डॉ. विल्यम रॉक्सबर्ग यांच्याकडे सिल्हेटहून स्मिथ नावाच्या गृहस्थांनी मधाने भरलेली एक वेताची टोपली पाठविली. खासी लोक तिला ‘तुरोंग’ म्हणत. वेताच्या टोपलीतून मध गळत कसा नाही? रॉक्सबर्ग यांना मधापेक्षा टोपलीचेच कुतूहल अधिक. ती रिकामी करून धुतली, तेव्हा आतून रबराचा पातळ थर दिलेला आढळला. ज्या झाडाच्या चिकाचा तो थर होता, त्याला त्यांनी ‘फायकस इलॅस्टिका’ हे नाव दिले. विद्वानांनी नाव दिले खरे, पण गुण टेकडीवरच्या लोकांना आधीच ठाऊक होता. त्याच झाडाच्या मुळ्या ओढ्यावरून पलीकडे नेऊन त्यांनी जे जिवंत पूल घडविले, ते मेघालयात आजही वापरात आहेत.

पुढे रबराला भाव आला आणि सरकारने इ. स. १८७३ मध्ये आसामात तेजपूरजवळ चारद्वार येथे या झाडाची लागवड आरंभिली. रानात हे झाड पुष्कळदा दुसऱ्या वृक्षाच्या बेचक्यात उगवते, म्हणून प्रथम रोपे तशीच बेचक्यांत ठेवून पाहिली. पुढे मातीचे उंचवटे करून त्यांवर लावणे अधिक हिताचे ठरले. परंतु इ. स. १८७६ मध्ये हेन्री विकहॅम यांनी ब्राझीलच्या रबरवृक्षाचे सुमारे ७०,००० बी लंडनजवळच्या क्यू उद्यानात पोहोचविले. त्याची रोपे सिंहलद्वीप व मलायात रुजली आणि आसामच्या झाडाचा रोजगार संपला.

पण त्याला तोवर दुसरी चाकरी मिळाली होती. एकोणिसाव्या शतकात युरोपातील मध्यमवर्गीयांना घरात झाडे ठेवण्याचा छंद जडला. कोळशाचा धूर, गॅसचे दिवे आणि अपुरा उजेड यांत नाजूक झाडे टिकत ना. रबराचे झाड टिकले. घरात झाडे मांडण्याचा हाच रिवाज आपल्याकडेही रुळला आणि हा वनवासी वृक्ष आपल्याच देशात शोभेची वस्तू ठरला.

त्याच्या निगेचे सारे मर्म या पूर्ववृत्तात आहे. जे झाड बेचक्यातल्या मूठभर पालापाचोळ्यावर वाढू लागते, त्याला लहान कुंडी पुरते, थोडी तहानही सोसते. सोसत नाही ते मुळाशी साचलेले पाणी. आम्ही प्रथम ममतेपोटी रोज तांब्याभर पाणी घालून एक झाड कुजविले, हे येथे कबूल करतो. वरची माती बोटाला कोरडी लागली की मगच पाणी द्यावे. कुंडीच्या तळाला छिद्र असावे. उजेड भरपूर, परंतु उन्हाळ्यातले दुपारचे ऊन नको. पानांवरची धूळ ओल्या फडक्याने हळूच पुसावी. झाड फार उंच झाले तर फांदीला गुटी बांधून नवे रोप करावे. छाटताना पांढरा चीक निघतो, तो अंगाला लागू देऊ नये.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जागा बदलली की हे झाड काही दिवस पाने गाळते. पुष्कळ लोक ते मेले असे समजून टाकून देतात किंवा घाबरून पुन्हा जागा हलवितात. दोन्ही चूक. त्याला एका जागी राहू द्यावे. नव्या खिडकीचा उजेड ओळखीचा झाला की टोकाचा तांबूस कोंब उलगडतो. दर तीन वर्षांनी बिऱ्हाड हलविणाऱ्यांना हे समजावून सांगण्याची गरज नसावी.

म्हणून पुढच्या बदलीच्या वेळी हे झाड मागे ठेवावे लागले, तर नव्या बिऱ्हाडकरूला किल्ल्यांसोबत एवढे अवश्य सांगावे की हे झाड खासी टेकड्यांचे आहे, पाणी बेताने घाला आणि पाने गळली तरी धीर धरा.