मेंदूचा शस्त्रवैद्य आणि त्याची वही

मेंदूवर शस्त्र चालविणाऱ्या वैद्याबद्दल समाजात मोठे कुतूहल असते. त्याचा हात हलका हवा, काळीज घट्ट हवे, असे आपण सहज बोलून जातो. ते खोटे नाही. परंतु या विद्येचा इतिहास पाहू लागलो म्हणजे तिच्या मुळाशी आणखी एक साधी वस्तू आढळते. ती म्हणजे वही. या शाखेला स्वतंत्र शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून देणारे अमेरिकन शस्त्रवैद्य डॉ. हार्वे कुशिंग (१८६९–१९३९) यांच्या चरित्रावरून हे स्पष्ट होईल.

कुशिंग हार्वर्ड येथे विद्यार्थी असताना त्यांनी ईथरची गुंगी दिलेला एक रोगी दगावला. त्या काळी गुंगी देण्याचे काम विद्यार्थ्यांवर सोपविण्याची सर्रास चाल होती आणि अशा मृत्यूचे कोणाला विशेष वाटत नसे. कुशिंग यांच्या मनाला मात्र ते लागले. कॉडमन या सहाध्यायाबरोबर त्यांनी गुंगीतील रोग्याची नाडी व श्वास वेळोवेळी टिपण्याचा तक्ता तयार केला. पुढे १९०१ साली इटलीतील पाव्हिया येथे त्यांनी रिव्हा-रॉची यांचे रक्तदाबमापक पाहिले व ते अमेरिकेत नेले. एका मृत्यूची टोचणी अशी नोंदवहीत उतरली.

मेंदूच्या शस्त्रक्रियेत खरा शत्रू रक्तस्राव. मांडीतील शीर दोऱ्याने बांधता येते. मेंदूचा गाभा इतका मऊ की तेथे दोरा टिकत नाही आणि दाबूनही चालत नाही. झटपट हात चालविणे हे जुन्या शस्त्रवैद्यांचे भूषण होते. बाल्टिमोर येथे गुरू हॉलस्टेड यांच्याकडून कुशिंग यांनी उलट धडा घेतला: वेळ लागला तरी चालेल, रक्त सांडता कामा नये. १९११ साली त्यांनी शिरा चिमटून बंद करणाऱ्या चांदीच्या बारीक चापांची माहिती प्रसिद्ध केली. १९२६ च्या ऑक्टोबरात बोव्ही या शास्त्रज्ञाच्या विद्युत्-उपकरणाने त्यांनी अशी एक गाठ काढली, की जिची शस्त्रक्रिया रक्तस्रावामुळे काही दिवसांपूर्वीच अर्धवट सोडावी लागली होती.

या कीर्तीची किंमतही होती. १९२६ च्या जूनमध्ये त्यांचा थोरला मुलगा मोटार-अपघातात वारला. बातमी कळल्यावरही त्या दिवशीची ठरलेली शस्त्रक्रिया त्यांनी पार पाडली. याला कर्तव्यनिष्ठा म्हणावे की कठोरपणा, हे आम्ही वाचकांवर सोपवितो. सेनापती लेनर्ड वुड यांच्या मेंदूवरील गाठ त्यांनी १९१० साली काढली होती. त्यानंतर वुड अनेक वर्षे मोठ्या अधिकारपदांवर राहिले. गाठ पुन्हा वाढली, आणि १९२७ च्या शस्त्रक्रियेनंतर त्याच वैद्याच्या हाताखाली त्यांचा अंत झाला.

असे अपयश झाकण्याचा मोह कोणाला होणार नाही? पण १९३२ साली कुशिंग यांनी दोन हजार रोग्यांचा वृत्तान्त ग्रंथरूपाने छापला आणि त्याच्या नावातच शस्त्रक्रियेतील मृत्यूंच्या टक्केवारीचा उल्लेख केला. सचोटीचा व्यापारी जमेबरोबर नावेही मांडतो, तसाच हा प्रकार होय. त्यांच्या उत्तरकाळात हे प्रमाण शेकडा दहाच्या आसपास उतरले होते. ते उतरले हे कळले, कारण आधीचे प्रमाण लिहून ठेवले होते.

ही परंपरा आपल्याकडेही पोहोचली. कुशिंग यांच्याजवळ काही काळ उमेदवारी केलेले पेनफील्ड यांनी मॉन्ट्रिआल येथे मोठी संस्था उभारली. तेथे शिकून आलेले डॉ. जेकब चांडी यांनी १९४९ साली वेल्लोर येथे भारतातील या शाखेचा पहिला विभाग सुरू केला.

आज कवटी उघडण्यापूर्वीच यंत्रे आतील गाठ दाखवितात. कुशिंग यांच्यापाशी ही यंत्रे नव्हती. तरीही त्यांनी जतन केलेले मेंदूंचे नमुने आणि रोग्यांची छायाचित्रे येल विद्यापीठाने २०१० साली लोकांना पाहण्यासाठी मांडली. ती पाहणाऱ्यास एवढे पटावे, की या व्यवसायात कौशल्य सरावाने येते, पण पुढच्या रोग्याचा जीव वाचतो तो मागच्या रोग्याच्या मृत्यूचा प्रामाणिक हिशेब ठेवल्याने.