साचा घडवणाऱ्याचे नाव : होमर ब्रुक आणि काचेचा निरोधक

तारायंत्राचा इतिहास सांगताना आपण मोर्स यांचे नाव घेतो, १८४४ सालची वॉशिंग्टन–बाल्टिमोर तार आठवतो आणि पुढे जातो. परंतु ती तार ओल्या खांबाला टेकली, तर पावसात विद्युतप्रवाह जमिनीकडे झिरपतो आणि संदेश वाटेतच क्षीण होतो. म्हणून तार व खांब यांच्यामध्ये विद्युत निरोधक, म्हणजे इन्सुलेटर, आवश्यक ठरला. अमेरिकेत त्यासाठी मुख्यतः काच वापरली गेली.

आरंभीचे काचेचे निरोधक आतून गुळगुळीत असत. लाकडी खुंटीवर ते टोपीसारखे बसवले जात आणि वाऱ्याने तार वर उचलली गेली की निसटत. २५ जुलै १८६५ रोजी लुई कोवे यांना यावरील उपायाचे पेटंट मिळाले : पोकळीत आटे पाडायचे आणि निरोधक खुंटीवर फिरवून घट्ट बसवायचा.

कल्पना सोपी होती. अडचण भट्टीपाशी होती. काचेला पाण्यासारखा निश्चित गोठणबिंदू नसतो. तापमान उतरते तशी तिची श्यानता वाढत जाते. आटे असलेला दट्ट्या मऊ काचेत दाबल्यावर सरळ वर ओढता येत नाही, तो उलटा फिरवूनच काढावा लागतो. घाई केली तर आटे ढासळतात. उशीर केला तर आकुंचन पावणारी काच दट्ट्याला आवळते आणि तडकते. या दोन चुकांमधला अवधी अगदी थोडा असतो. लाखो निरोधकांसाठी तो अवधी दर वेळी अचूक साधायचा, तर कुशल हात पुरेसे नाहीत. चांगला साचा आणि चांगले दाबयंत्र लागते.

होमर ब्रुक यांचे कार्य नेमके इथले. न्यूयॉर्क परिसरात ते काचेचे साचे आणि निरोधक दाबण्याची यंत्रे घडवीत. काही जुन्या निरोधकांच्या काचेवर त्यांचे नाव आणि १८८३ व १८८४ सालच्या पेटंटच्या तारखा आजही वाचता येतात. पुढे त्यांनी साच्याच्या आधीच्या पायरीकडे लक्ष वळवले. भट्टीतून सळईवर काच गोळा करून आणण्याऐवजी ती अखंड धारेने साच्यात सोडावी आणि धार कात्रीने कापावी, अशा योजनेचे पेटंट त्यांना १९०३ मध्ये मिळाले. पडणारी धार वेटोळी होऊन हवा अडकवते, हा तिचा दोष होता. नंतर कार्ल पाइलर यांनी धारेऐवजी मोजलेला गोळा सोडणारी यंत्रणा विकसित केली. तरी हाताने काच उचलण्यापासून सुटका करून घेण्याच्या वाटेवर ब्रुक आधीच निघाले होते.

आज आपल्या देशातील उच्चदाब वाहिन्यांवर कठीण केलेल्या काचेच्या चकत्या दिसतात. त्यांचे स्वरूप वेगळे आहे, पण काच किती वेगाने आणि कशी थंड करायची, हा प्रश्न तिथेही निर्णायक आहे.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने अर्धवाहक उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तेव्हापासून आपली चर्चा बहुधा चिपच्या आराखड्यांभोवती फिरते. कोवे यांच्या आराखड्याला साचेकारांची जोड मिळाली नसती, तर तो कागदावरच राहिला असता. विद्यार्थिमित्रांनो, प्रयोगशाळेतील कार्यशाळेत लेथवर काम करणाऱ्या तंत्रज्ञांकडे म्हणूनच अधिक आदराने पाहा. शोधनिबंधात आभारापुरते उरणारे त्यांचे ज्ञान हेदेखील विज्ञानच आहे.